रेषेला शिवलेला छर्रा

"हलतोय तो," महानंदा म्हणाली.

मी उभ्या केलेल्या स्टँडला तिनं नुसतं एक बोट टेकवलं होतं. वाचनालयाच्या मोडक्या रॅकचे दोन भोकाभोकांचे लोखंडी खांब, मध्ये आडवी फळी, फळीला दोन चिमट्यांनी अडकवलेलं चौकोनी कार्ड. खांब तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांत उभे होते आणि डब्यांत वाळू भरली होती. मला ते पक्कं वाटलं होतं. पण कुणी हलतंय म्हटलं की मला लगेच ते हलताना दिसायला लागतं.

"हो, हलतोय," मी म्हणालो.

"वाळू कोरडी आहे सर. ओली करून ठासली तर?"

"पाणी घाला नाहीतर तेल घाला," पेंडीच्या पोत्यावर बसलेले तिचे वडील म्हणाले. "पण गुरुजी, रॅक इकडं आल्यावर पुस्तकं कशावर बसली म्हणायची?"

"त्या रॅकवरची पुस्तकं वाळवीनं खाल्ली, अप्पा."

"मग हिशेब जुळला. वाळवीनं पुस्तकं खाल्ली, आमच्या पोरीनं रॅक खाल्ला."

ही १९८३ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. आमचं गाव बार्शी-लातूर रस्त्यावरचं. शिवलिंगअप्पा कोरे यांचा तिथं करडईच्या तेलाचा घाणा होता. चार वाजता घाणा थांबला की शेडची लांब बाजू दिवेलागणीपर्यंत मोकळी असे. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, वय पस्तीस, एकटा. बायकामुलींशी बोलताना मी त्यांच्या मागच्या कपाटाकडे बघत बोलत असे. महानंदा पहिल्यांदा वाचनालयात आली ती नेमबाजीवरचं पुस्तक मागायला. असं पुस्तक आमच्याकडे नव्हतं. 'नाही' एवढं सांगायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तिनं सगळी हकिगत सांगून टाकली.

तिचा मामा फौजेत सुभेदार होता, तिथल्या नेमबाजी संघातला. एका सुट्टीत त्यानं तिला छर्र्याचं पिस्तूल धरायला शिकवलं. भिंतीवर कोरा पांढरा कागद लावायचा आणि त्यावर मारायला सांगायचा. म्हणायचा, आधी हात स्थिर होऊ दे, आकडे नंतर. आकड्यांपर्यंत दोघं पोचलेच नाहीत. मामा जीपच्या अपघातात गेला आणि त्याची ट्रंक बहिणीच्या घरी आली. ट्रंकेत पिस्तूल होतं, छर्र्यांचे डबे होते आणि एकच एक छापील टार्गेट होतं, न वापरलेलं.

"एकच आहे," ती म्हणाली होती. "त्यावर मारलं की संपलं. तुम्ही पुस्तकं बांधता ना सर? असं करता येईल?"

ते टार्गेट मी घरी नेलं आणि दोन दिवस नुसतं मोजत बसलो. कंपासनं वर्तुळं काढणं सोपं होतं, पण आठवड्याला पन्नास-साठ कार्डं लागणार होती. शेवटी मी एका जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून गोल शिक्का कापला आणि ब्लेडनं त्यात बारीक वर्तुळं कोरली, म्हणजे काळ्या गोलात पांढऱ्या रेषा उमटाव्यात. मधोमध दहाचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्याभोवती नऊ, आठ, सात. काळ्याबाहेरचं सहा आणि पाच कंपासनं काढायचं. त्याच्याही बाहेरची वर्तुळं मी काढलीच नाहीत. तिचा छर्रा तिथवर जाणार नाही असं मला वाटलं. आयुष्यात माझे जे थोडे अंदाज खरे ठरले त्यांतला तो एक.

कागदाची अडचण वेगळीच होती. साध्या कागदाला छर्रा लागला की भोक पडत नाही, कागद फाटतो. म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद तीन-तीन एकावर एक खळीनं चिकटवायचे, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं आणि सरकारी गॅझेटच्या खंडांखाली दाबून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सपाट, कडक कार्ड हातात येई. गॅझेटं तशीही कुणी वाचत नव्हतं. त्यांतले पाच-सहा जुने खंड मी कार्डाच्या मागे ठेवलेल्या एका रिकाम्या डब्यात उभे करायला दिले. छर्रा कार्डातून पार होऊन त्यांच्यात रुतून बसे.

"सरकार असं कामाला आलेलं मी पहिल्यांदा बघतोय," अप्पा म्हणाले.

तर त्या दिवशी वाळू ओली करून ठासली. मी फीत धरून दहा मीटर तीनदा मोजले आणि जमिनीवर चुन्याची रेघ मारली. महानंदा रेघेमागे कार्डाकडे खांदा करून उभी राहिली, एक हात कमरेला लावून दुसरा लांब केला. शेडमध्ये तेलाचा दाट वास होता आणि वर पत्र्यावर कबुतरं चालत होती. इतकं गप्प माणूस मी वाचनालयातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाच छर्रे झाल्यावर मी कार्ड काढून आणलं. दोन नवात, दोन आठात. पाचवं भोक आठ आणि नऊ यांच्या मधल्या रेषेवर बसलं होतं. थोडं आत, बरंचसं बाहेर.

"हे किती धरायचं?" मी विचारलं.

"मामानं आकडे नाही शिकवले."

"थोडं इकडं आहे, थोडं तिकडं."

"मग नऊ?" ती म्हणाली, आणि लगेच, "तुम्ही सांगा सर. तुम्ही म्हणाल ते."

परीक्षेत उत्तर येत असलं तरी मी त्याच्यापुढे 'बहुधा' लिहून येत असे. त्या भोकाकडे मी बराच वेळ बघितलं.

"शंका असेल तर खालचा," मी म्हणालो. "आठ."

अप्पांनी पोत्यावर थाप मारली. "हे झ्याक झालं. मोजणारा माणूस असाच पाहिजे."

तेव्हापासून शेडमध्ये तो कायदा झाला. एका कार्डावर पाच छर्रे, आठ कार्डांचा एक डाव, चारशेपैकी किती ते मी पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहायचं. भोक रेषेला जरा जरी शिवलेलं असलं तरी खालचा आकडा. महानंदा स्वतःच कार्ड माझ्यापुढे धरून विचारायची, "शंका असेल तर?" आणि मी "खालचा" म्हणण्याआधीच हसायची. पहिल्या महिन्यात ती दोनशे अठ्ठ्याण्णववर होती. संक्रांतीला तीनशे बावीस. मार्चमध्ये बारावीची परीक्षा चालू असतानाही ती रोज अर्धा तास रेघेवर उभी राहायची, आणि एप्रिलमध्ये तीनशे चाळीस झाले. मी रोज पाच वाजता शेडवर जाऊ लागलो. आमचा शिपाई रंगनाथ एकदा कपाटाला कुलूप घालता घालता म्हणाला, "सर, हल्ली तुमच्या पुस्तकांना करडईच्या तेलाचा वास येतोय." तो एवढंच म्हणाला. मी त्यानंतर तीन दिवस शेडवर गेलो नाही.

मे महिन्यात महानंदानं पुण्याला दळवीसाहेबांना पत्र लिहिलं. ते मामाचे फौजेतले जोडीदार, आता मुलींना नेमबाजी शिकवत. त्यांचं उत्तर अप्पांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. "घरच्या सरावात ३६० आले की घेऊन या, त्याआधी येऊ नका. माझ्याकडे सहाच मुलींची सोय आहे. शिबिर ६ ऑगस्टपासून."

आणि जूनअखेर लातूरला डी.एड.च्या यादीत तिचा नंबर लागला.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले," अप्पा म्हणाले. "डी.एड.ची जागा म्हणजे नोकरी पदरात पडल्यासारखीच. ती सोडायची तर कशाच्या जोरावर?"

"तीनशे साठच्या जोरावर," महानंदा म्हणाली.

"झाले का?"

"अजून नाहीत."

"मग ऐक. एक ऑगस्टला लातूरला हजर व्हायचंय. त्याच्या आधीच्या रविवारपर्यंत एकदा, एकदाच, तीनशे साठ कर. मी स्वतः तुला पुण्याला नेऊन सोडतो, डी.एड. गेलं उडत. नाही झालं तर ट्रंक माळ्यावर आणि तू लातूरला. मग कुरकुर नाही. कबूल?"

"कबूल."

"मोजणार मात्र गुरुजी. तू नाही, मी नाही. त्यांच्या तोंडून येईल तो आकडा."

जुलैत तिचा हात जणू एका ठिकाणी येऊन थांबला. तीनशे एकोणपन्नास, बावन्न, अठ्ठेचाळीस, चोपन्न, एक्कावन्न. एके दिवशी पिस्तूल पुसता पुसता तिनं विचारलं, "माझा हातच एवढा असेल का हो सर?"

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. ते खरंच होतं.

अठरा जुलैला, बुधवारी, डब्यातल्या गॅझेटांच्या छर्र्यांनी पार चिंधड्या झाल्यामुळे मी त्यांच्या जागी लावायला जुनी मासिकं निवडत होतो. फेकायच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी क्रीडा-मासिक निघालं. माझी सवय अशी की फेकायचं असलं तरी एकदा चाळायचं. त्यात नेमबाजीवर दोन पानं होती, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं: भोक वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसतं शिवलं असलं तरी वरचा आकडा धरतात.

मी ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. त्या आठवड्याची कार्डं माझ्या टेबलाच्या खणात होती. दोन रेषांमधलं अंतर छर्र्याच्या जाडीच्या दुपटीहूनही कमी. म्हणजे जवळजवळ निम्मी भोकं कुठल्या ना कुठल्या रेषेला शिवणारच. खण उघडून मी ती कार्डं वरून बघितली आणि खण बंद केला. मोजली नाहीत. मोजली असती तर सांगावं लागलं असतं.

मग शंका आल्या. हे रायफलबद्दल असेल, पिस्तुलाचं वेगळं असेल. परदेशातला नियम असेल. मासिक बारा वर्षांपूर्वीचं, तेव्हापासून नियम बदलला असेल. आणि या सगळ्यांच्या मागे अप्पांचं वाक्य उभं होतं: मोजणार मात्र गुरुजी. दहा महिने खालचा आकडा धरून शेवटच्या दहा दिवसांत मी एकदम वरचा धरू लागलो, तर अप्पा काय समजतील? रंगनाथ काय म्हणेल? नियम ठरला त्या दिवशी आम्ही शेडमध्ये तिघंच होतो, तो माझ्याच तोंडून आला होता; तिनं एका भोकाचा आकडा विचारला होता, नियम कुणी मागितलाही नव्हता.

मी दळवीसाहेबांना जोडकार्ड टाकलं. अर्ध्यावर आपण लिहायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर आपलाच पत्ता घालून उत्तरासाठी कोरं सोडायचं, असं ते तेव्हा मिळायचं. लिहिलं की छर्रा रेषेवर बसला तर कोणता आकडा धरावा, कृपया कळवावे. लेखी उत्तर आलं की सांगायचं, असं मी ठरवलं. लेखी असलं म्हणजे ते माझं म्हणणं राहणार नव्हतं. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर यायला हरकत नव्हती. मी रोज दुपारी स्वतः पोस्टात जाऊन विचारू लागलो.

सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, अप्पा आत पेंड भरून देत होते. मी कार्ड लावत होतो आणि महानंदा शेजारी उभी होती. तिच्या तर्जनीला घट्टा पडला होता.

"सर, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"का?"

"चार दिवस बघतेय. तोंड उघडता आणि मिटता."

मी खांबाला हात लावला. "थोडा हलतोय बहुतेक," मी म्हणालो.

तिनं बोट टेकवून बघितलं. "नाही सर. पक्का आहे."

रविवारी अप्पांनी घाणा बंद ठेवला. शेड झाडून घेतली, दारात शेजारची पोरं जमली होती त्यांना हाकललं, आणि स्वतः पोत्यावर बसले. महानंदानं आंघोळ करून इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता. चाळीस छर्र्यांना तिला तासभर लागला. मध्ये एकदाच ती खाली बसली, पाणी प्यायली, आणि अप्पांना म्हणाली, "अप्पा, पाय हलवू नका. पोत्याचा आवाज येतो." त्यानंतर अप्पा अर्धा तास दगडासारखे बसले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या हे नंतर उठताना कळलं.

आठ कार्डं मी घाण्याच्या लाकडी ओट्यावर ओळीनं मांडली आणि भिंग काढलं. इतके सुंदर छर्रे तिनं कधीच मारले नव्हते. काळ्याच्या बाहेर एकही नव्हता. पण बरेच रेषांवर होते. मी एकेक कार्ड उचलत होतो, आकडा लिहीत होतो, आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या भोकापाशी माझं भिंग थांबत होतं. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. त्रेचाळीस. शेवटची बेरीज मी दोनदा केली.

"तीनशे त्रेपन्न," मी म्हणालो.

महानंदानं मान हलवली. तिनं पिस्तूल आधीच फडक्यात गुंडाळलं होतं.

अप्पा उठले, लंगडत ओट्यापाशी आले. कार्डांकडे बघत राहिले. जिंकलेल्या माणसासारखे ते अजिबात दिसत नव्हते.

"सातच कमी आहेत ओ," ते हळू आवाजात म्हणाले. "गुरुजी, परत एकदा बघा की. ही बघा, हे भोक. हे रेषेवर बसलंय. हेही. असली एक-दोन वर सरकत असली तर बघा. मी काही म्हणणार नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे हात ओट्यावर होते, नखांत पेंड होती, आणि ते माझ्याकडे मागत होते. त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. अप्पा, असली सगळीच वर सरकतात, असं मी कुठंतरी वाचलंय. एवढंच.

"नको अप्पा," महानंदा म्हणाली. "आजवर नाही धरले, आज का धरायचे? शंका असेल तर खालचा. होय ना सर?"

मी पुन्हा भिंग घेतलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोघं दोन्ही बाजूंना उभे होते.

"तीनशे त्रेपन्न," मी म्हणालो.

पोस्टातून उत्तर आलं नव्हतं. ती गोष्ट मी त्या संध्याकाळी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं महानंदा लातूरला गेली. गुरुवारी, दोन ऑगस्टला, जोडकार्डाचा उरलेला अर्धा भाग आला. दळवीसाहेबांचं अक्षर मोठं आणि तिरपं होतं. "रेषेला नुसता स्पर्श असला तरी वरचा आकडा. हे कुणीही सांगितलं असतं. उत्तराला उशीर झाला, मी दिल्लीला होतो. सुभेदारांची भाची सध्या किती मारते? एक जागा रिकामी आहे, शिबिर सोमवारी सुरू."

मग मी रविवारची कार्डं काढली आणि मोजली. रेषेला शिवलेली भोकं अठरा होती. तीनशे एक्काहत्तर. जुलैच्या सुरुवातीची कार्डं काढली. तीनशे अडुसष्ट. सदुसष्ट. जूनमधल्या एका मंगळवारचे तीनशे बासष्ट होते. अट घालायच्या आधीच ती अट पूर्ण झाली होती, आणि ती माझ्या खणात पडून होती.

सोमवारला चार दिवस होते. शुक्रवारी मी एस.टी. स्टँडवर गेलो. लातूरची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं विचारलं, "चलता का, मास्तर?" मी म्हणालो, "पुढच्या गाडीनं." शनिवारी पुन्हा गेलो. मुलींच्या वसतिगृहाच्या दारात जाऊन आपण काय सांगणार, कोण म्हणून सांगणार, हे मी वाक्यं जुळवून जुळवून बघत होतो, आणि एकही वाक्य सरळ होत नव्हतं. स्टँडवरून परत येताना दोन्ही वेळा अप्पांच्या शेडवरून गेलो. पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. दुसऱ्यांदा एकटेच होते. त्यांनी हाक मारली, "गुरुजी, या. तुमचे खांब घेऊन जा, घाण्याला जागा पाहिजे." मी खांब घेतले आणि आलो.

सोमवार गेला.

ते खांब मी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडला लावले. अजून आहेत. मी आता शहात्तर वर्षांचा आहे, नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण सकाळी वाचनालयात जाऊन बसतो. नवी ग्रंथपाल मुलगी चालवून घेते. अप्पा जाऊनही बावीस वर्षं झाली. शेवटपर्यंत भेटले की म्हणत, "आमच्या पोरीला सरळ मार्गाला लावलंत गुरुजी." मी त्यांना नमस्कार करत असे.

गेल्या वर्षी, जून महिन्यात, एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन वाचनालयात आल्या. केस पांढरे, चष्मा, खांद्याला पर्स. पुडा टेबलावर ठेवून त्या आधी वर्तमानपत्रांच्या स्टँडकडे गेल्या आणि त्याला एक बोट टेकवलं.

"आता नाही हलत," महानंदा म्हणाली.

ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. चौतीस वर्षं चार गावांत शिकवलं, असं सांगत होती. नवरा एल.आय.सी.त होता, मुलगी हैदराबादला.

"पिस्तूल?" मी विचारलं.

"मामाच्या मुलाला दिलं. ट्रंकेत गंजत होतं." मग हसली. "पण हात आहे हं अजून. पोरं म्हणायची, बाईंचा खडू कधी चुकत नाही. मागच्या बाकावर झोपलेल्याच्या बरोब्बर कपाळाला."

मीही हसलो.

"आणि ती आपली गॅझेटं? सगळी फेकली असतील."

"एक आहे."

ते मी का सांगितलं आणि उठून संदर्भाच्या कपाटातून तो खंड का काढून दिला, मला नीट सांगता येत नाही. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. "बाई गं, केवढा जड," म्हणाली. पानांत चाळीस वर्षांपूर्वीचे छर्रे रुतलेले होते, काळे पडलेले. ती पानं उलटत गेली. मधे त्या रविवारची आठ कार्डं होती, सुतळीनं बांधलेली, कोपऱ्यात माझ्या पेन्सिलीचे आकडे. आणि त्यांच्या पुढच्या पानात ते जोडकार्ड होतं. त्याची पिवळी कड मला दिसत होती. आणखी एक पान उलटलं असतं तर तिलाही दिसली असती.

तिनं सुतळी सोडली आणि वरचं कार्ड हातात घेतलं.

"सर, मी दर वर्षी वर्गात हे सांगायचे," ती म्हणाली. "आमच्या गावी एक सर होते. रेषेला शिवलेला छर्रा त्यांनी कधी वर धरला नाही. माझे वडील हात पसरून मागत होते, तरी दिला नाही. पोरं विचारायची, बाई, राग नाही आला? मी सांगायचे, त्या दिवशी सरांनी सात आकडे दान दिले असते ना, तर मी पुण्याला जाऊन हसं करून घेतलं असतं. माझा हात किती, ते मला वेळेवर कळलं. कुणाला कळतं एवढं?"

मी तिच्या मागच्या कपाटाकडे बघत होतो.

तिनं चष्मा वर सरकवला, कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि नऊच्या रेषेवरच्या एका भोकावर नख ठेवून ते माझ्यापुढे आणलं, पूर्वी आणायची तसं.

"हा बघा. शिवलाय रेषेला," ती म्हणाली. "शंका असेल तर?"

मी त्या भोकाकडे बघितलं. ती वाट बघत होती. तोंडावर ते शेडमधलं हसू होतं.

"आठ ना, सर?"

"आठ," मी म्हणालो.